संथ पिक्चर बघायला इथे कोण येणार?

मंडळी, जुन्या टॉकीजच्या जागेवर नगरपालिका व्यापारी संकुल बांधणार, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या संकुलात वरच्या मजल्यावर ६०-७० खुर्च्यांचा एक छोटा हॉल ठेवा, तालमी होतील, व्याख्यानं होतील, महिन्यातून दोनदा चांगले चित्रपट दाखवता येतील, अशी सूचना काही जणांनी केली. त्यावर जे उत्तर फिरतंय ते असं : "असले अवॉर्डवाले स्लो पिक्चर बघायला इथे कोण येणार? पब्लिकनं ते कधीच नाकारलेत."

हे उत्तर आपल्या गावचं नाही. ते ५० वर्षांहून जुनं आहे आणि पार दिल्लीच्या कागदपत्रांतून फिरून आपल्याकडे आलंय. म्हणून म्हटलं, एकदा नीट बघू की पब्लिकनं खरंच काय केलं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात पैशापासून करू. स्वातंत्र्यानंतर चित्रपटधंद्याची चौकशी करायला सरकारनं १९४९ साली एक समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबईचे महापौर राहिलेले काँग्रेसचे नेते स. का. पाटील. १९५१ साली अहवाल आला. चित्रपटाला कर्ज देणारं महामंडळ काढा आणि चित्रपट शिकवणारी संस्था काढा, या त्यातल्या मोठ्या शिफारशी. नऊ वर्षं गेली आणि १९६० साली दोन्ही झालं. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं, आणि पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. पाठोपाठ १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. म्हणजे पैसे देणारी संस्था झाली, शिकवणारी झाली, जपून ठेवणारी झाली. दाखवायचं कुठे, त्यासाठी मात्र काहीच झालं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

पहिली काही वर्षं महामंडळानं नावाजलेल्या लोकांना कर्ज देणं पसंत केलं. मग 'फिल्मफेअर'चे संपादक बी. के. करंजिया अध्यक्ष झाले आणि नव्या पोरांना, कमी खर्चाच्या चित्रपटांना पैसे मिळू लागले. १९६९-७० च्या सुमारास तीन चित्रपट लागोपाठ तयार झाले : मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', बासू चटर्जींचा 'सारा आकाश' आणि मणि कौल यांचा 'उसकी रोटी'. तिघांचा कॅमेरामन एकच, पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेले के. के. महाजन.

'भुवन शोम' लोकांना आवडला. रेल्वेतला कडक साहेब उत्पल दत्त आणि सौराष्ट्रातली गावची पोर सुहासिनी मुळे. त्यात हसायला जागा होती. 'सारा आकाश'वाले बासूदा पुढे 'रजनीगंधा' आणि 'चितचोर'च्या वाटेनं घराघरांत पोचले. खरी ठिणगी पडली ती 'उसकी रोटी'वर.

गोष्ट मोहन राकेश यांची, आणि ती एका ओळीत सांगून होते. पंजाबातल्या एका गावची बालो रोज नवऱ्यासाठी रोटी बांधून हमरस्त्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहते. नवरा सुच्चासिंग बस चालवतो. घरी आठवड्यातून एकदाच येतो, बाकी दिवस त्याचा संसार दुसरीकडे आहे. एके दिवशी घरी धाकट्या बहिणीची छेड काढल्याचा प्रकार होतो, बालोला निघायला उशीर होतो. नवरा रोटी न घेता रागानं बस पुढे काढतो. ती उभी राहते, अंधार पडेपर्यंत.

बस्स, इतकंच. मारामारी नाही, गाणं नाही, कुणी मोठ्यानं रडत नाही. पात्रं बोलतात तेही सपाट, भावना पुसून टाकल्यासारखं. मणि कौल यांनी मुख्यतः दोन भिंगं वापरली, २८ मिलिमीटरचं रुंद आणि १३५ मिलिमीटरचं लांबचं. एकात प्रत्यक्ष घडणारं, दुसऱ्यात बालोच्या मनातलं. चित्रपट पुढे सरकतो तशी ही वाटणीही उलटीपालटी होते. कुठलं खरं आणि कुठलं तिच्या डोक्यातलं, हे बघणाऱ्याला कळेनासं होतं. तासन्‌तास वाट बघणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं की. एसटी स्टँडवर ज्यानं शेवटच्या गाडीची वाट बघितली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

लोकप्रिय पत्रकारितेनं या चित्रपटाला धुतलं. दुसरीकडे त्यालाच 'फिल्मफेअर'चं समीक्षक पारितोषिक मिळालं आणि महाजनांना छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार. एक बाजू म्हणे हा चित्रपटच नव्हे, दुसरी म्हणे हाच खरा चित्रपट. पण या भांडणात एक गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही : 'उसकी रोटी' रीतसर थिएटरांत लागलाच नाही. सामान्य प्रेक्षकानं तिकीट काढून तो नाकारला, असं घडायला तो आधी त्याच्यासमोर यायला हवा होता. भांडत होते ते खास खेळांना, महोत्सवांना, फिल्म सोसायट्यांना जाणारे मूठभर लोक. आणि निकाल मात्र लागला 'पब्लिक'च्या नावानं.

या वादात उडी घेतली ती सत्यजित राय यांनी. १९७१ साली 'फिल्मफेअर'मध्ये त्यांनी भारतीय नव्या लाटेवर एक लांब लेख लिहिला. त्यांचा रोख असा, की नव्या मंडळींना प्रयोगाची हौस आहे, पण प्रेक्षकाला सोबत घेऊन जाण्याची फिकीर कमी. १९७४ च्या लेखात त्यांनी 'गर्म हवा' आणि 'अंकुर' यांना दाद दिली, पण कुमार शहानींच्या 'माया दर्पण'वर आणि मणि कौल यांच्या 'दुविधा'वर कडक टीका केली. रायांसारखा माणूस बोलला म्हटल्यावर विरोधकांच्या हातात आयतंच कोलीत मिळालं.

रायांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. संथ म्हणजे आपोआप थोर, असं काही नसतं. नुसता कॅमेरा खिडकीवर रोखून ठेवला आणि पडदा हलवला की कला झाली, असं समजणारेही पुष्कळ झाले आणि आजही आहेत. पण रायांची स्वतःची कहाणीही बघा. 'पथेर पांचाली' १९५५ साली पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर पुरा झाला, म्हणजे तोही सरकारी पैशाचाच. तोही काही धावता चित्रपट नव्हे. पण त्याआधी आठ वर्षं, १९४७ साली, राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती. जगभरचे चित्रपट आणायचे, बघायचे, त्यावर भांडायचं. असा चित्रपट बघण्याची सवय असलेली माणसं त्या शहरात आधीपासून तयार होत होती. मणि कौल यांच्या बालोला तशी जागा जालंधरमध्येही नव्हती आणि जळगावातही नव्हती.

आता हिशेबाकडे या. लोकांचा समज असा की सरकारनं या मंडळींना पैसे वाटले. तसं नव्हतं. महामंडळ देत होतं ते कर्ज. ते फेडायचं होतं. फेडायचं कशातून? तिकिटातून. तिकीट कुठे फाडायचं? थिएटरात. थिएटर कुणाच्या हातात? वितरक आणि मालकांच्या. त्यांनी हे चित्रपट घेतलेच नाहीत, किंवा घेतले तर सकाळच्या खेळाला चार दिवस. मग कर्ज थकलं. महामंडळानं स्वतःची छोटी थिएटरं उभारावीत ही कल्पना त्या काळच्या चर्चेत होती, पण ती कागदावरच राहिली. विहीर खणायला कर्ज द्यायचं, मोटार द्यायची नाही, वर म्हणायचं की शेतकऱ्याला पाणी काढता येत नाही, तसा हा प्रकार.

१९७६ साल, आणीबाणीचे दिवस. संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनं महामंडळाच्या कारभारावर अहवाल दिला आणि तिकीटबारीवर न चालणाऱ्या चित्रपटांना कर्ज देण्याच्या धोरणावरच बोट ठेवलं. चांगला चित्रपट आणि चालणारा चित्रपट यांत मुळात विरोध नाही, असा सूर होता. ऐकायला किती रास्त वाटतं! पण चालायला रस्ता लागतो, त्याचं काय? त्याच वर्षी करंजिया पायउतार झाले. १९८० साली महामंडळाचं रूपांतर एनएफडीसीत झालं. त्यांनी पुढे थिएटर बांधायला कर्ज देण्याची योजनाही आणली. पण कर्ज काढून थिएटर बांधणारा माणूस हप्ते फेडायला गर्दीचाच पिक्चर लावणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा.

तर "पब्लिकनं नाकारलं" या वाक्याचा जन्म हा असा. थिएटरनं नाकारलं, हिशेबनिसानं नोंदलं आणि नाव पब्लिकचं लागलं.

आता आपल्या मराठीकडे येऊ. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं १९७२ साली. नाच, गाणं, ब्राह्मणांची ती डोलणारी भिंत, आणि केवढा वाद! पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या मुलांनी युक्त फिल्म सहकारी संस्था काढून १९७६ साली त्यावर चित्रपट केला. करणाऱ्यांत मणि कौल होते, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप होते. नाना झाले मोहन आगाशे, घाशीराम झाले ओम पुरी, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. लांबच लांब चालणारी दृश्यं, कॅमेरा माणसांभोवती फिरतोय. नाटक महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. चित्रपट आपल्यापैकी किती जणांनी बघितलाय? त्याची प्रत जपली गेली ती बर्लिनमधल्या आर्सेनल नावाच्या संस्थेत. पुण्यात घडलेल्या इतिहासावरचा, पुण्यात शिकलेल्या मुलांनी केलेला मराठी चित्रपट बघायला जर्मनीकडे तोंड करावं लागलं.

आणि गोष्टीचं म्हणाल तर, 'दुविधा' ही विजयदान देथांची राजस्थानी भुताची कथा. तीच कथा घेऊन २००५ साली आपल्या अमोल पालेकरांनी शाहरुख खानला घेऊन 'पहेली' केला. म्हणजे गोष्ट लोकांना परकी नव्हती. फरक सांगण्याच्या चालीचा.

चालीवरून एक सांगतो. मणि कौल ध्रुपद शिकत होते, झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे. डागरसाहेबांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळच्या पळस्प्याला. १९८२ साली मणि कौल यांनी 'ध्रुपद' नावाचा चित्रपटही केला. ध्रुपदातला आलाप म्हणजे काय? एका स्वरावर थांबायचं, त्याच्या आजूबाजूला फिरायचं, घाई करायची नाही. संथपणा हा फ्रान्सहून आणलेला आजार आहे असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्या महाराष्ट्रात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाला माणसं घोंगड्या पांघरून रात्र रात्र विलंबित ख्याल ऐकत आली, तिथे "स्लो आहे" ही तक्रार कशी काय होऊ शकते?

होऊ शकते, कारण विलंबित ऐकणारा कानही आभाळातून पडला नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे गावोगाव गाण्याचे क्लास निघाले. भातखंड्यांनी पुस्तकं लिहिली. नाटक कंपन्यांनी राग तालुक्याच्या गावापर्यंत नेले. रेडिओ आला. तीन पिढ्या हे चाललं, तेव्हा कुठे बडा ख्याल ऐकताना माना डोलू लागल्या. संथ चित्रपटासाठी यातलं काय झालं? मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळानं धडपड केली, पुण्यात संग्रहालयामुळे थोडं वातावरण राहिलं. बाकी महाराष्ट्र कोरडा.

एक अपवाद आठवतो. माझ्या वयाच्या लोकांना रविवारी दुपारचं दूरदर्शन आठवत असेल. पुरस्कार मिळालेले मल्याळी, बंगाली, आसामी, कन्नड चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरं. चॅनेल एकच, त्यामुळे पळायला जागा नाही. घरातली मोठी माणसं तिथेच आडवी होत, आम्ही पोरं "काय चाललंय" म्हणत बघत राहायचो. कळायचं अर्धंच. पण एखादी बोट, एखादा पाऊस, एखाद्या म्हातारीचं अंगणात बसणं डोक्यात राहिलं ते राहिलंच. मला आसामचं घर कसं दिसतं हे तिथे कळलं. पडदा समोर असला की नाकं मुरडणाऱ्यातलेही चार-दोघे बघू लागतात, एवढा पुरावा माझ्यासाठी पुरेसा आहे.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर केरळकडे बघा. पुण्यातून शिकून गेलेल्या अडूर गोपालकृष्णन यांनी १९६५ साली तिरुवनंतपुरमला मित्रांबरोबर चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली. आधी सोसायटी, मग चित्रपट. त्यांचा पहिला चित्रपट 'स्वयंवरम' १९७२ साली याच फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर झाला. 'उसकी रोटी'वर मणि कौल यांचे सहायक होते जॉन अब्राहम, ते मूळचे केरळचे. (नट जॉन अब्राहम वेगळे, गल्लत नको.) त्यांनी १९८४ साली ओडेसा नावाचा गट काढला, गावोगाव चित्रपट दाखवत लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १९८६ साली 'अम्मा अरियान' बनवला. तो पुन्हा गावोगाव नेऊन दाखवला. तिथल्या राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाची स्वतःची थिएटरं आहेत. आज तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात संथातल्या संथ चित्रपटाला तरुण मुलं रांगा लावतात. मल्याळी माणसाला काही जन्मजात धीर जास्त नसतो. त्यांना पडदा मिळाला आणि सवय लागली.

आपल्याकडे २०१५ साली काय झालं तेही आठवा. एप्रिल महिना. राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी संध्याकाळी ६ ते ९ ची वेळ ठेवायला सांगितलं, त्यावर देशभर गहजब झाला, आणि मग ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली गेली. त्याच महिन्यात, १७ एप्रिलला, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लागला. व्हेनिसला गौरवलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. एका लोकशाहिरावर खटला चालतो, भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी बसलेला. तारीख पडते, पुढची तारीख पडते. कोर्टाचं कामकाज संपतं, माणसं जातात, दिवे बंद होतात, कॅमेरा तिथेच थांबतो.

बातमीदारीत तालुक्याच्या कोर्टात बसणं आलंच. ज्यांनी ते बाक झिजवलेत त्यांना 'कोर्ट' संथ वाटणार नाही, बरोब्बर वाटेल. तिथे वेळ तसाच जातो. हा खटला झटपट दाखवला असता तर ती थाप झाली असती. बालोच्या वाट बघण्यासारखंच आहे हे : जिथे माणसाची वेळ खाल्ली जाते तिथली गोष्ट सांगायची, तर ती वेळ पडद्यावर दिसायला हवी.

'कोर्ट' बघून आलेल्यांतही दोन तट पडले. "काय राव, झोप लागली" म्हणणारे भेटले, आणि "दोन दिवस डोक्यातून जात नाही" म्हणणारेही. हे चांगलं आहे! मतं फुटायलाच हवीत. माझी तक्रार झोपणाऱ्यांबद्दल नाहीच. बघून झोपला, तो प्रेक्षकच. तक्रार आहे ती न दाखवताच "तुम्हाला आवडणार नाही" असं ठरवून टाकणाऱ्यांबद्दल.

आता म्हणाल, मोबाइलवर सगळं मिळतं, हॉल कशाला? ताम्हाणेंचाच पुढचा चित्रपट 'द डिसायपल' २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला. विषयच विलंबित गाणं आणि एका गायकाची वाट बघण्यात गेलेली उमर. किती जणांनी तो सलग बघितला, मनातल्या मनात सांगा. मध्ये फोन येतो, व्हॉट्सॲप येतं, बोट पुढे ढकलतं. संथ चित्रपटाला अंधार लागतो, शेजारी माणसं लागतात, आणि सुटल्यावर बाहेर उभं राहून भांडायला चहाची टपरी लागते. त्यातलं शेवटचं आपल्याकडे भरपूर आहे.

तेव्हा मुद्दा सरळ आहे. १९५१ च्या अहवालापासून आपण चित्रपट बनवायला पैसे देत आलो. आजही राज्य सरकार दर्जा बघून मराठी चित्रपटाला अनुदान देतं. तो पैसा तुमचा-माझा आहे. त्यातून झालेला चित्रपट आपल्या तालुक्यात बघायला मिळत नसेल, तर तो खर्च अर्ध्यावर सोडलेला आहे. हे काम दिल्लीनं केलं नाही, मुंबईनं केलं नाही. ६०-७० खुर्च्या, एक चांगला प्रोजेक्टर आणि बऱ्यापैकी आवाज, एवढं एखादी नगरपालिका करू शकते. खालचे गाळे भाड्यानं जाणारच आहेत, त्या उत्पन्नात हॉलचं वीजबिल निघतं का, हा हिशेब सभेपुढे मांडायला सांगू.

संकुलाच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना घेणं सुरू आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो, आवक-जावक विभागात द्यायचा आणि पोच घ्यायची. मी माझा अर्ज दिलाय : वरच्या मजल्यावरचे चार गाळे कमी करून तिथे हॉल ठेवावा. ज्यांना पटतं त्यांनी तसं लिहून द्या. ज्यांना असले पिक्चर बोअर वाटतात त्यांनीही द्या, हॉलमध्ये तालमी आणि व्याख्यानं व्हायचीच आहेत. आणि पहिला खेळ लागला की तुम्ही मागच्या रांगेत बसा, झोप लागली तर मी उठवणार नाही.